नकाशावरची एकुलती पाइपलाइन

ज्या कचेरीत आपली फाइल पडून आहे त्या कचेरीत चहा प्यायचा नाही, हा भाऊसाहेबांचा नियम होता. मंजुरीचं पत्र हातात पडलं की मात्र ते त्याच कचेरीच्या बाहेरच्या टपरीवर बसून लागोपाठ दोन कप प्यायचे, दुसरा बशीत ओतून. मध्ये कितीही महिने गेलेले असोत. घोडेगावच्या एका कचेरीतला शिपाई तर ते फाटकातून आत येतानाच विचारायचा, "भाऊसाहेब, आज सुटतोय का उपास?"

मी गॅसवाहिनीच्या परवानग्यांचं काम बघते. शेतं, रस्ते, कालवे, ओढे, वनखात्याची जमीन या सगळ्यांच्या खालून पोलादी वाहिनी न्यायची तर प्रत्येक खात्याचा अर्ज वेगळा, पाहणी वेगळी, शिक्का वेगळा. या खात्याचं पत्र आल्याशिवाय ते खातं फाइल उघडत नाही आणि त्या खात्याने फाइल उघडल्याशिवाय हे खातं पत्र देत नाही. या सगळ्यांना एका दिशेला चालायला लावायचं, हे माझं काम. त्यात रागावून उपयोग नसतो आणि रडून तर मुळीच नसतो. पाठपुरावा करावा लागतो.

आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांतल्या टप्प्यासाठी कंपनीने माझ्या मदतीला एक स्थानिक माणूस नेमला. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, मीही म्हणू लागले. अशा नेमणुकीवर येणाऱ्या माणसांचा मला अनुभव होता. खिशात चार साहेबांचे नंबर, तोंडात 'आपलाच माणूस आहे', आणि काम शून्य. त्यामुळे मंचरच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात एप्रिलच्या उन्हात हातात काळी छत्री, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि पाठीला शाळकरी दप्तर अडकवलेले गृहस्थ दाखल झाले, तेव्हा मी फारशी आशा धरली नाही.

ते खुर्चीवर बसले नाहीत. पहिला प्रश्न त्यांनी उभ्याउभ्याच विचारला.

"चालून आलात का, बाई?"

"कुठे?"

"लाइनीवर."

मी त्यांना लॅपटॉप दाखवला. ड्रोनने काढलेले फोटो, उपग्रहाची चित्रं, त्यावर आमच्या वाहिनीची लाल रेघ. दुसऱ्याच्या नातवंडांचे फोटो आपण जसे बघतो तसे त्यांनी ते सगळे सभ्यपणे बघितले.

"फोटू ब्येस हायेत," ते म्हणाले. "उद्या सकाळी सातला निघू. पाणी बरोबर घ्या."

पुढचे सोळा दिवस आम्ही चाललो. मी त्या वेळी सत्तेचाळीस वर्षांची, ते पासष्टीच्या पुढचे, आणि दर संध्याकाळी पाय माझेच दुखत. छत्रीच्या दांड्यावर त्यांनी ब्लेडने खुणा केल्या होत्या. ती उन्हासाठी होतीच, पण विहिरीचा कठडा किती उंच, ओढ्याचा काठ किती खोल, हेही तीच सांगे. बांधावर कुणी भेटलं की ते छत्री मिटत. उघड्या छत्रीखालच्या माणसाशी शेतकरी मोकळं बोलत नाही, असं त्यांचं मत होतं. कारण त्यांनी सांगितलं नाही. मी पुढे स्वतः करून बघितलं, तर खरं निघालं.

त्यांच्याजवळ दोन मराठी होत्या. एक बांधावरची, एक कचेरीतली. बांधावर 'लई', 'न्हाई', 'काय राव'. कचेरीच्या उंबऱ्यावर चप्पल झटकावी तशी ती भाषा झटकून ते आत शिरत आणि 'सदर बाब आपल्या निदर्शनास आणू इच्छितो' सुरू होई. दोन्ही भाषांत ते तेवढेच हट्टी होते.

अर्ज लिहायची त्यांची एक रीत होती. मसुदा झाला की टेबलावर ठेवून विचारायचे, "वरचा काय विचारील?" म्हणजे हा अर्ज ज्या कारकुनाच्या टेबलावर जाईल, त्याला त्याचा साहेब काय विचारील. ते प्रश्न एका कागदावर काढायचे, त्यांची उत्तरं अर्जातच कुठेतरी पेरायची. "खालच्या माणसाला वरच्याची भीती असती, बाई. त्याला उत्तर आधीच देऊन ठेवलं की तो फाइल दाबत न्हाई. त्याला कुटं हौस आसती?" वीस वर्षं या कामात काढून मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी कारकुनाला अडथळा समजत होते. ते त्याला घाबरलेला माणूस समजत. त्यांचे अर्ज माझ्यापेक्षा लांब असत आणि निम्म्या वेळात सुटत.

आण्याच्या पठारावर वनखात्याच्या जमिनीचा एक तुकडा लागत होता. तिथली झाडं मोजून द्यायची होती. आमच्या ऑफिसातल्या मुलांनी फोटोवरून आकडा काढला होता. भाऊसाहेबांनी तो खोडला आणि झाडाला हात लावल्याशिवाय ते मोजायचं नाही, असं फर्मान काढलं. दोन दिवस आम्ही त्या उघड्याबोडक्या पठारावर झाडांना हात लावत हिंडलो. बहुतेक झाडं काटेरी होती. परत निघालो तर एक मेंढपाळ म्हणाला, "पावणं, त्या घळीतलं एक ऱ्हायलं." भाऊसाहेब परत फिरले, घळीत उतरले, त्या वाकड्या हिवराला हात लावून वर आले, आणि आकडा एकने वाढवला. महिन्याने वनखात्याचे लोक पडताळणीला आले. आकडा जुळला. त्यांच्या अधिकाऱ्याने पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा जुळला. मग तो भाऊसाहेबांकडे संशयाने बघू लागला. आकडे जुळण्याची त्याला सवय नसावी.

खोडदची गंमत वेगळी होती. तिथे शेतांच्या मधोमध रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड तबकड्या उभ्या आहेत, आकाशातले बारीक आवाज टिपणाऱ्या. पोलादी वाहिनी गंजू नये म्हणून ठरावीक अंतरावर तिला विजेचा मंद प्रवाह देणारी यंत्रं बसवतात, आणि त्या यंत्रांची खरखर तबकड्यांना ऐकू जाऊ शकते. म्हणून त्यांचीही संमती हवी होती. आम्ही निघालो तेव्हा भाऊसाहेबांनी गाव दिसायच्या आधीच आपला मोबाइल बंद केला, माझा करायला लावला, ड्रायव्हरचा करायला लावला. मग मनगटावरचं घड्याळ काढून त्यातला सेल वेगळा केला.

"अहो, घड्याळाने काय होतंय?"

"आपल्याला काय ठाव? त्यांनला ऐकू येतं."

तबकड्या दिसू लागल्यावर ते कुजबुजत बोलायला लागले. तिथल्या शास्त्रज्ञांपुढेही कुजबुजले. त्यातला एक तरुण हसून म्हणाला, "काका, मोठ्याने बोला, तुमच्या आवाजाचा काही त्रास नाही." भाऊसाहेबांनी मान डोलावली आणि कुजबुजतच विचारलं, की यंत्र किती लांब ठेवलं तर तुम्हाला चालेल ते तुम्हीच सांगा, आम्ही तिथे ठेवतो. त्या लोकांना बहुधा इतक्या सरळ प्रश्नाची सवय नव्हती. त्यांनी अंतर सांगितलं, आम्ही यंत्राची जागा हलवली, पत्र मिळालं. दोन कप चहा. घड्याळ मात्र त्यानंतर कायम दहा मिनिटं मागे राहिलं आणि भाऊसाहेबांनी ते कधी नीट लावलं नाही. शास्त्रज्ञांकडे गेलो होतो याची खूण म्हणून, असं ते सांगत.

आता मुख्य गोष्ट. ती निरगुडसरच्या अलीकडच्या एका गावात घडली. गावाचं नाव लिहीत नाही. का ते लगेच कळेल.

त्या गावाच्या शिवारात चाचणीसाठी एक खड्डा खणायचा होता. जेसीबीने तिसरा घास घेतला आणि खड्ड्यातून माणूसभर उंचीचं कारंजं उडालं. शेतीची पाइप फुटली होती. कालव्यावरून पाणी उचलून, दुसऱ्यांच्या शेतांखालून, बांधांखालून, तीन साडेतीन फुटांवरून कुणाच्या तरी उसापर्यंत गेलेली. कोणत्याही नकाशात नसलेली. मिनिटाभरात पलीकडच्या शेतातून एक तगडे गृहस्थ धावत आले, अंगातली बंडी काढून, बोळा करून त्यांनी पाइपच्या तोंडात कोंबली आणि वर गुडघा टेकवून बसले. पाणी त्यांच्या कानांवरून वाहत होतं.

मी विचारलं, "कुणाची पाइपलाइन ही?"

"काय की बुवा," ते गुडघा न हलवता म्हणाले. "आमची न्हाई."

"मग तुम्ही..."

"पानी वाया जातंय म्हनून आलो. मानुसकी हाय का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर पाइप सांधलेली, नवा सॉकेट बसवलेला, वर माती सारखी केलेली. कुणी केलं, कुणालाच माहीत नव्हतं.

मी भाऊसाहेबांना विचारलं, अशा किती असतील?  त्यांनी मला वाहिनीच्या रेघेवरून चालवत नेलं. मे महिना होता, सगळं करपलेलं. एका ठिकाणी थांबून त्यांनी छत्रीचं टोक टेकवलं. तिथे हातभर हरळी हिरवीगार होती.

"हितं सांधा हाय. जरासा पाझरतोय."

चाळीस पावलांवर आणखी एक हिरवा ठिपका. मग आणखी एक. एकदा दिसायला लागल्यावर मला ते सगळीकडे दिसू लागले. एका ओळीत, तिरक्या ओळीत, एकमेकांना छेद देत. त्या करपलेल्या शिवाराखाली पाइपांचं जाळं पसरलेलं होतं. कोणी कुणाच्या शेतातून न्यायची, हे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तोंडी ठरलेलं. कागद एकाचाही नाही. आणि कालव्यातून पाणी उचलायची परवानगीही नाही.

माझी अडचण अशी होती. अर्जाच्या एका रकान्यात 'भूमिगत वाहिन्यांचे विवरण' द्यायचं असतं आणि खाली मी सही करते, की हे खरं आहे. पाटबंधारे खात्याचं पत्र माझ्याकडे आलेलंच होतं. त्यांच्या नोंदीप्रमाणे तिथे काहीही नव्हतं. 'निरंक.' त्यावरून मीही रकान्यात 'निरंक' टाइप करून ठेवलं होतं. ते खोटं आहे हे आता मला माहीत होतं. पण खरं लिहायचं तर कुणाकुणाच्या पाइपा आहेत ते लिहायचं, आणि एकदा ते सरकारी कागदावर आलं की खात्याला कारवाई करणं भागच. नावं लिहिली तर गावाचं पाणी तुटणार. नाही लिहिली तर आमचा जेसीबी पाइपा तोडणार, आणि उद्या वाहिनीला काही झालं तर कागदावर सही माझी.

त्यात वरून घाई होती. या टप्प्याच्या परवानग्या दिवाळीपूर्वी आल्या तर माझी पुण्याला मुख्य ऑफिसात बदली ठरलेली. माझे साहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, खात्याचं पत्र निरंक आहे ना? मग तुम्ही कशाला जास्तीचं शोधता?"

मी दोन दिवस विचार केला आणि 'निरंक'वर सही करायची ठरवलं. यात लपवण्यासारखं काही नाही. या धंद्यात माणूस खात्याच्या पत्रावर टेकतो, मीही टेकणार होते. भाऊसाहेबांनी कागद बघितला आणि म्हणाले, "खात्याचं निरंक खात्याचं. तुमी सही केली की तुमचं."

"मग काय करू? नावं लिहू?"

"न्हाई."

"मग?"

"खालून न्या."

सगळ्या पट्ट्यात आमची वाहिनी सात-आठ फूट खोल नेली तर शेतीच्या पाइपांना धक्काच लागत नाही. कुणाची कुठे आहे हे लिहायची गरज नाही. 'या शिवारात शेतीच्या वाहिन्या असल्याचे आढळल्याने संपूर्ण पट्ट्यात खोली वाढविली आहे,' एवढं एकच वाक्य. मी साहेबांना कळवलं. उत्तर आलं, की खोली बदलायची तर आराखडा बदलतो, आराखडा बदलला की कालव्याची, रस्त्याची, ओढ्याची परवानगी पहिल्यापासून. 'आढळल्याने' म्हणजे कुठे आढळल्या? पुरावा काय? कागदावर एक तरी पाइप दाखवा, मालकाच्या नावासकट.

एक तरी. भाऊसाहेब ती एक मागायला गावात बारा घरं फिरले. मीही बरोबर होते. प्रत्येक घरात पाणी मिळालं, आग्रह झाला, पाइप कुणाकडेच नव्हती. बंडीवाले गृहस्थ म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी सांगताय म्हंजे चांगल्याच्यासाटी सांगताय. पन आमच्याकडं असती तर दिली नसती का?" मंचरच्या बाजारात पाइप-मोटरींचं दुकान चालवणारे एक शेठ आहेत, तीन पिढ्या तिथेच. भाऊसाहेब त्यांच्याकडेही गेले. या गावात किती पाइप गेली असेल, शेठ?

"भाऊसाहेब," शेठ म्हणाले, "मी पाइप विकतो. ती पुढं कुठं झोपते ते मी विचारत नाही."

जूनच्या तोंडावर हरकती ऐकायची सुनावणी लागली. गावच्या शाळेत, पत्र्याच्या शेडमध्ये. टेबलामागे सुनावणी घेणारे अधिकारी, बाजूला पाटबंधारेचे एक, वनखात्याचे एक, आणि मी. माझ्या शेजारची खुर्ची भाऊसाहेबांची होती. ते तिथे बसले नाहीत. नेहमीप्रमाणे लोकांत जाऊन सतरंजीवर बसले, छत्री मांडीवर आडवी.

बांधाची भरपाई, माती परत नीट टाकणार का, असे दोन-चार प्रश्न झाले. मग अधिकाऱ्यांनी यादीतला पुढचा मुद्दा वाचला. "या पट्ट्यात जमिनीखाली कुणाच्या पाण्याच्या वाहिन्या आहेत का?"

शेड गच्च भरलेली होती. 

"न्हाईत, सायेब," कुणीतरी म्हणालं.

"कुनाच्याच न्हाईत," मागून दुजोरा आला.

अधिकारी लिहून घेण्यासाठी वाकले. मी माझ्या समोरच्या कागदावरच्या 'निरंक'कडे बघत होते. माझं काम आपोआप होत होतं. कुणी मला दोष देऊ शकलं नसतं.

"आहे," भाऊसाहेब उभे राहून म्हणाले. ती कचेरीतली मराठी होती. "एक वाहिनी आहे. गट नंबर सांगतो, लिहून घ्यावा."

"कुणाची?"

"माझी."

त्यांचं शेत याच शिवारात आहे हे मला माहीत होतं. त्यांची पाइप आमच्या रेघेखालून जाते हे माहीत नव्हतं. सोळा दिवसांत त्या जागेवरून आम्ही दोनदा गेलो असू. तिथे हिरवा ठिपका नव्हता. त्यांच्या सांध्यातून पाझरत नसणार.

पाटबंधारेचे अधिकारी सावरून बसले. "परवानगी आहे?"

"नाही."

"आपण तर आमच्याच खात्यात होता ना?"

"एकतीस वर्षं. म्हणून तर माहीत आहे, ती कशी मिळत नाही."

आधी एकजण हसला, मग सगळी शेड हसली, आणि सुनावणी घेणारे अधिकारीही खाली बघून हसले. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी पाइपचा व्यास, खोली, कालव्यापासूनची लांबी पावलांत सांगितली आणि इतिवृत्तात नीट आलं आहे का, ते वाचून घेतलं. मग खाली बसले. दुसरं कुणीही उठलं नाही. बंडीवाले गृहस्थ छताच्या पत्र्याकडे बघत राहिले.

मी 'निरंक' खोडलं. एक तरी हवी होती, ती मिळाली होती.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. आराखडा बदलला, फायली पहिल्यापासून सुरू झाल्या, माझी बदली दुसऱ्या बाईला मिळाली. तिला शुभेच्छा द्यायला मी पुण्याला जाऊन आले. ऑफिस सातव्या मजल्यावर, खिडक्या उघडत नाहीत. मला फार वाईट वाटलं नाही.

भाऊसाहेबांना नोटीस आली. पंचनाम्याला तरुण कालवा निरीक्षक आला, तो पूर्वी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. मी त्या दिवशी आराखड्याच्या कामाने त्यांच्या घरी गेले होते. तो पोरगा पडवीतल्या कॉटवर फाइल उघडून बसला होता आणि त्याला काही सुचत नव्हतं.

"लिही," भाऊसाहेब म्हणाले. "सदर इसमाने..."

"तुमाला इसम कसं लिहू, भाऊसाहेब?"

"मग काय, देवमानूस लिहितो? सदर इसमाने विनापरवाना कालव्यातून पाणी उपसा केल्याचे आढळून आले. 'आढळून' लिहायचं, 'दिसून' न्हाई. आढळून म्हनलं की तू शोधलंस असं व्हतं."

पाणी उपसणाऱ्या मोटरच्या स्टार्टरमधला फ्यूज जप्तीसाठी त्यांनी आधीच काढून कागदात गुंडाळून ठेवला होता. पोराला परत यायचा हेलपाटा नको. भाऊसाहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सगळ्यांना चहा घेऊन आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला कुणाच्या बापाला न भिणाऱ्या. कालव्याच्या पाण्यावर त्यांनी अर्धा एकर शेवंती लावली होती. तीच आता जाणार होती.

"नोकरी केली तवर लोकांचं पानी तोडलं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता कोन उरलं न्हाई तर आपलंच तोडून आले. घ्या, च्या घ्या."

मी घेतला. निरीक्षकाने घेतला. भाऊसाहेबांनी कप परत केला.

"आता काय झालं?"

त्यांनी कॉटवरच्या फाइलीकडे बोट दाखवलं. "पडून हाय."

"घर हाय हे!" वहिनी म्हणाल्या. "कचेरी न्हाई!" पण कप उचलून आत घेऊन गेल्या. इतक्या वर्षांत त्यांनाही नियम माहीत झाला असणार.

त्या वर्षी त्यांच्या शेतात बाजरी होती. पावसावर आली तेवढी आली. मी गेले की भाऊसाहेब बाजरीच्या भाकरीचं कौतुक करत आणि वहिनी शेवंतीचं नाव काढत. शेवंतीला ते उत्तर देत नसत, आणखी एक भाकरी मागत. गावातले लोक त्यांना बांधावर भेटले की थोडे जास्तच अदबीने बोलत आणि लवकर निघून जात. त्यांना ते कळत होतं. "लाजत्यात," एवढंच म्हणाले एकदा. "लाजू द्या."

पुढच्या हिवाळ्यात आमची वाहिनी खालून गेली. सात फुटांवर काळी माती संपून मुरूम लागतो, तिथून. एकही पाइप फुटली नाही. कारंजं नाही, बंडी नाही. काम संपल्यावर जमिनीखाली प्रत्यक्ष काय कुठे आहे याचा अंतिम नकाशा सगळ्या खात्यांना द्यावा लागतो. त्या गावाच्या पानावर आमची जाड रेघ आहे आणि तिला वरून आडवा छेद देणारी एक बारीक तुटक रेघ. 'शेतीची पाण्याची वाहिनी', पुढे गट नंबर. बाकी पान कोरं. त्यावर चार खात्यांचे शिक्के.

त्याची एक प्रत मी भाऊसाहेबांना दिली. आठवण म्हणून दिली होती. ते चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "बाई, ही वाहिनी अस्तित्वात हाय, असं चार खात्यांनी लिहून दिलंय की."

मला लगेच कळलं नाही. परवानगीच्या अर्जात गाडं नेहमी तिथेच अडायचं. वाहिनी आधीपासून आहे याचा सरकारी पुरावा द्या. तो कुणाकडेच नसे, कारण तो असणं म्हणजेच गुन्हा कबूल करणं. भाऊसाहेबांचा गुन्हा कबूल करून झाला होता, आणि पुरावा शिक्क्यांसह हातात होता. त्यांनी त्याच आठवड्यात अर्ज केला, दंड भरला, वरचा काय विचारील त्याची उत्तरं आत पेरली. सात महिने लागले. मंजुरीचं पत्र घ्यायला मी बरोबर गेले होते. टपरीवर ते दोन कप प्यायले, दुसरा बशीत ओतून. मग तिसराही मागवला. "घरचा एक ऱ्हायला व्हता," म्हणाले.

आता ते आमच्याकडे काम करत नाहीत. दुसऱ्यांदा निवृत्त झाले. शेवंती पुन्हा लागली आहे. जाताना छत्री मला देऊन गेले. दांड्यावरच्या खुणा थोड्या चुकीच्या आहेत, प्रत्येक फुटाला अर्धा इंच जास्त भरतो. मी तेवढा वजा करते. त्यांनीही तेच करून चालवलं असणार. नव्या टप्प्याचा अर्ज आला की मुलांना आधी विचारते, चालून आलात का? मुलं लॅपटॉप दाखवतात. मी फोटो सभ्यपणे बघते.

मागच्या महिन्यात दुपारची ऑफिसात बसले होते, तर दारात बंडीवाले गृहस्थ. या वेळी अंगात धुतलेला शर्ट. खुर्चीच्या टोकावर बसले. बराच वेळ पावसाचं बोलले. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या नकाशात आजून कायतरी टाकता येतं का हो?"

"सुधारित नकाशा देता येतो. का?"

"न्हाई, ते... त्या खड्ड्यात एक पाइप फुटली व्हती बगा."

"ती तुमची नव्हती ना?"

"तवा नव्हती," ते म्हणाले. मग मानेमागे खाजवून हळूच, "माझीच व्हती की ओ. आनि आजून सात-आठ जन हायेत. भायेर हुबे हायेत."

मी खिडकीतून बघितलं. खरंच होते, लिंबाखाली, मोटरसायकलींना टेकून. मी त्यांना आत बोलावलं, प्रत्येकाचा गट नंबर लिहून घेतला, कोणते कागद लागतील ते सांगितलं. यादी मोठी होती. कुणी कुरकुर केली नाही. चालायला कधी जायचं ते ठरवलं. एवढ्यात आमच्या मावशी सगळ्यांसाठी चहा घेऊन आल्या.

"घ्या," मी बंडीवाल्यांना म्हटलं.

त्यांनी ट्रेकडे बघितलं, टेबलावरच्या कागदांकडे बघितलं, आणि हात जोडले.

"नको मॅडम. फाइल पडून हाय न्हवं तुमच्याकडं. भाऊसाहेबांनी सांगूनच पाठवलंय."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. मावशी आठ कप परत घेऊन गेल्या. मी फाइल उघडली.